दोन बोटे खाली

इंग्लंडमधील फोर्ड कंपनीने जानेवारी १९६३ मध्ये एक पांढरीशुभ्र, दोन दारांची मोटार लोकांपुढे आणली. अंगावरचा हिरवा पट्टा वगळला, तर ती ओळखीची कॉर्टिनाच होती. कॉर्टिना ही काही श्रीमंतांची हौस नव्हती. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९६२ मध्ये, मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बाजारात आलेली ती साधी घरगुती गाडी. मात्र ही नवी कॉर्टिना मूळ गाडीशेजारी उभी केली, की फरक डोळ्यांत भरे. ती जमिनीला अधिक बिलगून उभी होती. चाके रुंद होती आणि चाक व मडगार्डची कमान यांच्यामधील मोकळी जागा कमी झाली होती. जगभरातील हौशी तरुण गल्लीतल्या गॅरेजात जाऊन जो बदल करून घेतात, तो येथे एका बड्या कंपनीच्या नावाने, रीतसर विकला जात होता. हा बदल घडवणाऱ्या अभियंत्याचे नाव होते कॉलिन चॅपमन.

लोटस या मोटारींचे जनक आणि फॉर्म्युला वनमधील सात निर्माता-विजेतेपदांचे मानकरी म्हणून चॅपमन यांची कीर्ती आहे. पण त्यांच्या साऱ्या कामाचा धागा शोधू गेल्यास तो एका साध्या ध्यासापाशी येऊन थांबतो. गाडीतून जे जे काढता येईल, ते काढायचे. वजन काढायचे, उंची काढायची, धातू काढायचा. हे करताना यंत्रात राखून ठेवलेली सुरक्षिततेची शिल्लकही कधीकधी निघून जाते. ती कितपत जाऊ द्यायची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार उभा राहिला आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्यांनी मोजली.

गाडी खाली आणल्याने काय साधते, हे समजायला उसाने उंच भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढे आणावी. सपाट रस्त्यावर ती सुखाने चालते. वळण आले, की तिचा सारा भार बाहेरच्या चाकावर झुकतो. मोटारीचेही तसेच आहे. समजा, हजार किलो वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत १३० सेंटिमीटर अंतर आहे. ही गाडी वेगाने वळली आणि आडवा जोर तिच्या वजनाच्या सात दशांश झाला, तर जवळजवळ ३०० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरने खाली आणला, तर हा आकडा २७० किलोच्या आसपास येतो. फरक तीसेक किलोंचा, म्हणजे फार मोठा नाही. परंतु चारही टायर रस्त्याला समान घट्ट धरून राहणे, हाच वळणावरच्या वेगाचा आधार असतो आणि शर्यत अशा तीस-तीस किलोंच्या हिशेबावरच जिंकली जाते. हा हिशेब चॅपमन यांना पाठ होता. कारण त्यांचे शिक्षण मोटारींचे नव्हतेच. ते बांधकामाच्या अभियांत्रिकीचे होते.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. बालपण उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात गेले. तेथे त्यांचे वडील रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. १९४५ मध्ये महायुद्ध संपले आणि त्याच वर्षी चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथेच ते विमान चालवण्यास शिकले. विमानाच्या अंगात एक ग्रॅमही उगाच ठेवलेला नसतो, हे त्यांनी तरुणपणीच पाहिले. पूल आणि इमारतींच्या सांगाड्यांचे गणित एकीकडे आणि विमानाचा हलकेपणा दुसरीकडे, अशी ही दुहेरी शिदोरी पुढे जन्मभर पुरली. काही काळ ते हवाई दलात होते. तेथे कायम राहण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वीकारला नाही. पुढे ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत त्यांनी नोकरी केली. हलक्या धातूशी त्यांची ओळख येथे पक्की झाली.

महाविद्यालयात असतानाच एका मित्रासह ते जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागले होते. युद्धानंतर इंग्लंडात नव्या गाड्या मिळत नसत, त्यामुळे हा धंदा बरा चालला. पण १९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी मोटारींसाठीचे पेट्रोलचे मूळ रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार एका रात्रीत बसला. सारा माल कसाबसा विकून झाल्यावर १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन तेवढी शिल्लक राहिली. ऑस्टिन सेव्हन म्हणजे त्या काळच्या सामान्य इंग्रज माणसाची गाडी. लहान, उंचशी, अरुंद चाकांची आणि इमानी. कोणी घेईना, म्हणून चॅपमन यांनी ती मोडायला घेतली.

हेझल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीच्या वडिलांच्या घरामागे एक गॅरेज होते. त्यात १९४८ मध्ये या ऑस्टिनचा कायापालट झाला. जुने अंग उतरवून त्यावर प्लायवूड आणि अॅल्युमिनियम यांच्या पत्र्यांचे नवे हलके अंग बसवण्यात आले. हीच पहिली लोटस. लोटस म्हणजे कमळ. हे नाव का दिले, हे चॅपमन यांनी शेवटपर्यंत जाहीरपणे सांगितले नाही. हेझल यांनी नुसते प्रोत्साहन दिले नाही. त्या हत्यारे घेऊन कामालाही लागल्या. १९५२ मध्ये कंपनी उभी राहिली, तेव्हा त्यासाठी लागलेले २५ पौंडही त्यांनीच उसने दिले. १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला.

ऑस्टिन सेव्हनच्या मोडतोडीतून गाड्या बनवणाऱ्यांचा इंग्लंडात तेव्हा एक मोठा वर्गच होता. त्यांच्या शर्यती होत, क्लब होते, नियमावली होती. १९५१ मध्ये चॅपमन आपली तिसरी गाडी घेऊन त्यांत उतरले. इंजिनात हवा-पेट्रोल शिरण्याच्या मार्गाची त्यांनी अशी काही मांडणी केली होती, की प्रतिस्पर्ध्यांना ते कोडे उलगडेना. गाडी इतकी पुढे राहू लागली, की ती युक्ती अखेर नियम बदलून बंद करावी लागली. नियमावलीत काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, ते वाचण्याची ही सवय. ती पुढे त्यांच्या यशालाही कारण झाली आणि बदनामीलाही.

या सुरुवातीच्या गाड्यांत सस्पेन्शनचा एक धडाही होता. त्या काळच्या स्वस्त मोटारीत पुढची दोन चाके एकाच आडव्या अखंड अॅक्सलला जोडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले, की दुसरेही कलत असे. नवे महागडे भाग घेण्याची ऐपत नव्हती. मग चॅपमन यांनी फोर्डच्या साध्या गाडीचा अॅक्सल मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे बिजागरीवर टांगले. आता प्रत्येक चाक आपापला खड्डा सोसू लागले. कापण्याचे हत्यार गल्लीतल्या कोणत्याही मेकॅनिककडे होते. कोठे कापायचे आणि कापल्यावर चाक कोणत्या कमानीत फिरेल, हे मात्र कागदावर काढावे लागत होते.

१ जानेवारी १९५२ रोजी वडिलांच्या रेल्वे हॉटेलमागील जुन्या तबेल्यात लोटस कंपनीचे काम सुरू झाले. गाडी सुट्या भागांत विकली, तर इंग्लंडात त्यावर खरेदी-कर लागत नसे. चॅपमन यांनी हेच विक्रीचे सूत्र केले. गिऱ्हाइकाने सांगाडा घ्यावा, इंजिन आणि अॅक्सल जुन्या फोर्डमधून काढावेत आणि घरी जोडणी करावी. १९५७ ची लोटस सेव्हन या पद्धतीने गाजली. तिला दारे नाहीत, धड छप्पर नाही, आणि बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा इतकी ती खाली. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅम या कंपनीला विकले आणि तिच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या.

एव्हाना सस्पेन्शन समजणारा माणूस म्हणून चॅपमन यांचे नाव झाले होते. १९५६ मध्ये व्हॅनवॉल या ब्रिटिश शर्यती संघाने गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन नव्याने आखण्यासाठी त्यांना बोलावले. याच संघाने १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचे पहिले निर्माता-विजेतेपद पटकावले. त्याआधी फ्रान्सच्या शर्यतीत स्वतः चालक म्हणून उतरण्याचा प्रयत्नही चॅपमन यांनी करून पाहिला; सरावातच गाडी आपटली आणि ती हौस तेथेच संपली.

आता पुन्हा कॉर्टिनाकडे वळू. साध्या घरगुती मोटारींच्या शर्यतीत आपले नाव व्हावे, असे फोर्डला वाटत होते. वॉल्टर हेज हे फोर्डचे अधिकारी चॅपमन यांच्या ओळखीचे. शर्यतीच्या नियमाप्रमाणे अशा हजार गाड्या तयार होणे आवश्यक होते. लोटसकडे १५५८ सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे नवे इंजिन होते; मूळ १२०० सीसीच्या कॉर्टिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचे. ते बॉनेटखाली बसवून पांढरा रंग दिला असता, तरी करार पूर्ण झाला असता. पण चॅपमन तेवढ्यावर थांबणारे नव्हते. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण त्यांनी अॅल्युमिनियमचे केले. बॅटरी पुढून उचलून डिकीत ठेवली, म्हणजे नाकावरचे ओझे मागे गेले. आणि मग ते गाडीखाली शिरले.

गाडी खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकणे. हा उद्योग तेव्हाही होत असे. त्यात काय बिघडते, हे पाहण्यासारखे आहे. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि चाकाला वर-खाली होण्यास वाव कमी उरतो. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. चाक हवेत लोंबकळले, तर आखूड स्प्रिंग जागेवरून निसटण्याचीही भीती. पण खरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. कॉर्टिनासारख्या गाडीत पुढचे प्रत्येक चाक खालून एका आडव्या दांड्याने धरलेले असते. गाडी खाली आली, की हे दांडे चाकाकडच्या टोकाला वर उचललेले राहतात. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. परिणाम असा, की खाली आणलेली गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. शिवाय स्टिअरिंगचे दांडे आणि हे दांडे यांच्या कमानी जुळेनाशा होतात. खड्डा आला, की चालकाने न फिरवताही चाक स्वतःच किंचित वळते. म्हणजे दिसायला रुबाबदार झालेली गाडी चालवायला आधीपेक्षा वाईट ठरू शकते.

चॅपमन यांनी पुढचे स्ट्रट आखूड घेतले आणि त्यांच्याबरोबर खालचे दांडेही बदलले. मागच्या बाजूला तर त्यांनी जुने सारे काढूनच टाकले. मूळ कॉर्टिनाला मागे कमानीसारखे पाटे होते. आपल्याकडील ट्रकना असतात तसलेच, फक्त लहान. पाटा एकाच वेळी स्प्रिंगचे काम करतो आणि अॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. दोन्ही कामे तो बरी करतो, उत्तम एकही करत नाही. चॅपमन यांनी ही कामे वेगळी केली. भार पेलायला गोल स्प्रिंगा आणि अॅक्सल धरायला अॅल्युमिनियमच्या डिफरन्शियलखाली इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा एक बाक. कागदावर ही रचना देखणी होती आणि शर्यतीच्या मैदानावर तर अजोड ठरली. जिम क्लार्क या स्कॉटिश चालकाने १९६४ मध्ये ब्रिटनचे सलून कार विजेतेपद याच गाडीतून जिंकले. वळणावर आतले पुढचे चाक हवेत उचलून तीन चाकांवर धावणारी पांढरी कॉर्टिना, हे त्या काळच्या छायाचित्रकारांचे आवडते दृश्य झाले.

परंतु ही गाडी दुकानात विकत मिळत होती. ती घेणारा रोज कामावर जात होता, कुटुंबाला घेऊन सुट्टीला जात होता, आणि गाडी दर आठवड्याला उघडून तपासणारा मेकॅनिक त्याच्याजवळ नव्हता. त्या बाकाचा सारा जोर डिफरन्शियलच्या आवरणावर येई. आवरण वाके, सांधे ढिले होत, तेल गळे. ते तेल खालच्या रबरी बुशवर पडून बुश मऊ पडे आणि मग मागचा अॅक्सल डुलू लागे. तक्रारींचा ओघ थांबेना, तेव्हा १९६५ मध्ये फोर्डने तो बाक आणि गोल स्प्रिंगा काढून मागे पुन्हा पाटे बसवले. गाडीची विश्वासार्हता वाढली. चॅपमन यांची चूक गणितात नव्हती. रोजची गाडी कोणकोणते हाल सोसते, ते त्यांनी गणितात धरलेच नव्हते.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर स्पीडब्रेकरला पोट घासत जाणारी एखादी मोटार दिसते, तेव्हा हाच विसर तिच्या मालकालाही पडलेला असतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही अशा मनमानी फेरफारांना मोकळीक देत नाही.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. खाली म्हणजे कडक, हे समीकरण चॅपमन यांचे नव्हते. १९६२ मध्ये आलेली त्यांची लोटस एलान ही दोन आसनी छोटी मोटार जमिनीलगत होती; मात्र तिच्या स्प्रिंगा नवल वाटावे इतक्या मऊ होत्या. गाडीचे वजन ७०० किलोंच्या आत, अंग फायबरग्लासचे, आणि डोलणे आवरण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरवर सोपवलेले. अंग हलके असेल तर स्प्रिंग कडक करावी लागत नाही आणि मऊ स्प्रिंगवर चाक रस्ता सोडत नाही. एलान चालवणाऱ्यांनी तिच्या वळण्याची जी तारीफ केली, ती आजतागायत थांबलेली नाही. रस्त्यावरच्या मोटारींत चॅपमन यांचे सर्वोत्तम काम कोणते, असे विचारले तर उत्तर एलानच द्यावे लागेल.

त्याच १९६२ मध्ये फॉर्म्युला वनसाठी लोटस २५ अवतरली. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याच्या दोन लांब पेट्या आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ आडवा झालेला चालक. आता माणसालाच खाली आणले गेले होते. क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेते झाले. १९६५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. फॉर्म्युला वनच्या जागतिक मालिकेतील त्यांचे सर्व २५ विजय लोटसमधूनच आले. गाडीने विजयाची रेषा ओलांडली, की चॅपमन आपली काळी टोपी हवेत भिरकावत. हे दृश्य त्या दशकाची खूण बनले.

याची दुसरी बाजू आधीपासूनच दिसू लागली होती. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. टेलर यांची कारकीर्द तेथेच संपली. त्यांनी लोटसवर दावा लावला आणि तो जिंकला. लोटस वेगवान असते पण मोडते, ही ख्याती तेव्हापासून तिला चिकटली. चालक तरीही येत राहिले. कारण जिंकायचे असेल, तर तीच गाडी हवी होती.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे, तुलनेने दुय्यम अशा शर्यतीत, क्लार्क यांची लोटस रस्ता सोडून झाडांवर आदळली. ते ३२ वर्षांचे होते. चॅपमन यांच्यासाठी हा केवळ चालकाचा मृत्यू नव्हता. त्यांचा सर्वांत जवळचा मित्र गेला होता. महिन्याभरातच माइक स्पेन्स इंडियानापोलिसमध्ये लोटसच्या सरावात मरण पावले. त्या वर्षी ग्रॅहम हिल यांनी लोटससाठी जगज्जेतेपद मिळवले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. शोक आणि भरभराट दोन्ही एकाच वर्षात यावीत, असे चॅपमन यांच्या आयुष्यात अनेकदा घडले आहे.

१९६९ मध्ये स्पेनच्या शर्यतीत हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसवरील उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी आदळल्या. जखमी रिंट यांनी अशा पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. पुढील वर्षी मात्र ते पुन्हा लोटसच चालवत होते. लोटस ७२ ही पाचरीच्या आकाराची, काळाच्या पुढची गाडी. पुढच्या चाकांत बसणारे ब्रेक तीत आत, अंगाजवळ आणले होते, म्हणजे चाके हलकी होऊन रस्त्याला अधिक चिकटावीत. ब्रेक आणि चाक यांना जोडणारा दांडा मात्र त्यामुळे आवश्यक झाला. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोन्झा येथे सरावात तो दांडा तुटला. रिंट कठड्यावर आदळून मरण पावले. गुणतक्त्यात त्यांना कोणीही गाठू शकले नाही आणि फॉर्म्युला वनच्या इतिहासात मरणोत्तर जगज्जेते ठरलेले ते एकमेव चालक होत. इटलीतील न्यायालयीन प्रक्रिया कित्येक वर्षे चालली. दांडा तुटल्याने अपघात सुरू झाला, मृत्यूला मात्र कठडा नीट न बसवणे कारणीभूत ठरले, असे मानून चॅपमन यांना दोषमुक्त केले गेले.

कायद्याने सोडले, तरी प्रश्न सुटत नाही. त्या काळात दर वर्षी चालक मरत असत आणि ते सर्व लोटसमध्येच मरत होते असे नाही. चॅपमन क्रूर होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एखाद्या भागाची जाडी ठरवताना तो किती सहज पेलेल यापेक्षा किती बारीक करूनही टिकेल, असा विचार करण्याकडे त्यांचा कल होता, हे त्यांच्या गाड्याच सांगतात.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यात लोटस मागे पडली, तेव्हा चॅपमन यांनी पुन्हा जमिनीकडे पाहिले. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचा वेग वाढवला, तर तेथील दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. टोनी रड आणि पीटर राइट या सहकाऱ्यांसह त्यांनी विमानाचा पंख उलटा करून गाडीच्या दोन्ही अंगांत बसवला आणि कडेच्या फटी सरकत्या झालरींनी बंद केल्या. १९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९ वळणांवर इतरांना दिसेनाशी झाली. मारिओ आंद्रेत्ती १९७८ मध्ये जगज्जेते ठरले. ते विजेतेपद निश्चित झाले त्याच मोन्झा शर्यतीत सुरुवातीलाच झालेल्या टकरीत त्यांचे सहकारी रॉनी पीटरसन जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. चॅपमन यांच्या लोटसचे ते शेवटचे विजेतेपद.

पोटाखालच्या हवेवर विसंबायचे, तर गाडीची उंची क्षणभरही बदलून चालत नाही. म्हणून सर्वच संघांनी स्प्रिंगा इतक्या कडक केल्या, की चालकांची हाडे खिळखिळी होऊ लागली. १९८१ मध्ये नियम आला, की गाडी जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर वर हवी. मोजमाप गाडी उभी असताना होई. ब्रॅबम संघाने वेग वाढला की आपोआप खाली बसणारे आणि परतताना पुन्हा उचलले जाणारे सस्पेन्शन आणले. चॅपमन यांचे उत्तर अधिक विलक्षण होते. लोटस ८८ मध्ये त्यांनी एकात एक असे दोन सांगाडे ठेवले. बाहेरचा हवेचा दाब झेलून थेट चाकांकडे पोहोचवणारा आणि आतला चालकाला मऊ स्प्रिंगांवर अलगद वाहणारा. प्रतिस्पर्धी संघांनी हरकत घेतली आणि एका पाठोपाठ एका शर्यतीत गाडी नाकारली गेली. ब्रॅबमची युक्ती चालली, आपली नाही, हे चॅपमन यांना फार लागले. इमोलाच्या शर्यतीला त्यांचा संघ गेलाच नाही. चालकाचे हाल कमी करणारी त्यांची ही कल्पना नेमकी कधीच धावू शकली नाही.

याच सुमारास ते आयुष्यातील सर्वांत वाईट व्यवहारात गुंतले होते. अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरिअन यांनी ब्रिटिश सरकारच्या पैशावर उत्तर आयर्लंडमध्ये मोटारींचा कारखाना काढला आणि गाडीचे अभियांत्रिकी काम लोटसकडे आले. पोलादी अंगाची ती डिलोरिअन पुढे चित्रपटामुळे जगभर ओळखली गेली. अमेरिकेतील दिव्यांच्या उंचीच्या नियमासाठी तिचे नाक वर उचलावे लागले. आजही तिचे कित्येक मालक स्प्रिंगा बदलून ते खाली आणतात. १९८२ मध्ये कंपनी बुडाली. लोटसच्या कामासाठी म्हणून दिलेले सुमारे पावणेदोन कोटी डॉलर एका परदेशी कंपनीमार्गे भलतीकडेच गेल्याचे उघड झाले. या प्रकरणात लोटसच्या अर्थप्रमुखांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते, तर त्यांना किमान दहा वर्षे कारावास दिला असता, असे न्यायाधीशांनी तेव्हा स्पष्ट केले.

त्या न्यायालयापुढे उभे राहण्याची वेळ चॅपमन यांच्यावर आली नाही. डिसेंबर १९८२ मध्ये शर्यतींच्या बैठकीसाठी ते पॅरिसला गेले होते. तेथून परतल्यावर १६ डिसेंबरच्या पहाटे नॉर्फकमधील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते.

त्याच दिवशी घरापासून फार दूर नसलेल्या स्नेटर्टनच्या धावपट्टीवर लोटसची एक नवी गाडी चाचणीसाठी आणलेली होती. तिच्या चाकांवर गाडीचा भार साध्या स्प्रिंगांऐवजी संगणकाच्या हुकमाने हलणारे तेलाचे दट्टे पेलत होते. खड्डा असो वा वळण, गाडी आपली उंची स्वतःच ठरवत होती. या कामाला चॅपमन यांनीच मंजुरी दिली होती. १९८७ मध्ये आयर्टन सेन्ना यांनी मोनाको आणि डेट्रॉइट येथील शर्यती याच पद्धतीच्या सस्पेन्शनवर जिंकल्या. १९९४ च्या हंगामापासून नियम बदलून तिच्यावर बंदी घालण्यात आली.